सामोरे जाणे

नव्या करारातली पुस्तके ज्या क्रमाने छापलेली असतात, त्या क्रमाने ती लिहिली गेलेली नाहीत. चार शुभवर्तमाने आधी येतात म्हणून तीच सर्वांत जुनी असावीत असा आपला समज होतो. पण बहुतेक अभ्यासकांच्या मते आज हाती असलेला सर्वांत जुना ख्रिस्ती मजकूर म्हणजे पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला धाडलेले पहिले पत्र. इ.स. 50-51 च्या सुमारास ते करिंथ शहरातून लिहिले गेले. येशूला वधस्तंभावर दिल्याला तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. या कोवळ्या श्रद्धेचा हा पहिला कागद उघडावा, तर त्याच्या मधोमध एक घरगुती दुःख बसलेले दिसते. येशू परत येणार म्हणून वाट पाहणाऱ्यांपैकी काहीजण वारले होते, आणि तो आला नव्हता. मग आमच्या माणसांचे काय, असे मागे राहिलेले विचारत होते.

ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याविषयी बोलायला लागलो की समोरचा माणूस, ख्रिस्ती असो वा नसो, थोडा ओशाळून हसतो. दोन हजार वर्षे झाली, अजून किती वाट पाहणार? जणू उशीर झाल्याचे आपल्याच पिढीच्या प्रथम लक्षात आले. उशीर पहिल्या पानावरच आहे. त्याच्याशी झगडतच ही श्रद्धा लिहायला शिकली. म्हणून मला वाटते, वाट पाहताना टिकून कसे राहावे हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने प्रकटीकरणातल्या पशूंपासून आणि कर्ण्यांपासून सुरुवात करू नये. थेस्सलनीकापासून करावी.

हे शहर आज ग्रीसमध्ये थेस्सालोनिकी या नावाने नांदते आहे. तेव्हा ते मॅसिडोनिया या रोमन प्रांताचे मुख्य ठिकाण होते. समुद्राला लागून बंदर, आणि एड्रियाटिक किनाऱ्यापासून पूर्वेकडे जाणारा मोठा राजमार्ग गावातून गेलेला. पौल आणि सीला इथे आले, सभास्थानात तीन शब्बाथ वाद घातला, काही माणसे त्यांच्या बाजूला आली आणि दंगल उसळली. हे दोघे हाती लागले नाहीत म्हणून जमावाने त्यांचा यजमान यासोन याला ओढत नगराच्या अधिकाऱ्यांपुढे नेले. प्रेषितांच्या कृत्यांत या अधिकाऱ्यांसाठी ‘पोलितार्ख’ असा शब्द आहे. ग्रीक साहित्यात तो दुसरीकडे फारसा सापडत नसल्याने लूकच्या लेखनावर शंका घेतली जायची; पुढे याच शहराच्या एका वेशीवरच्या शिलालेखात तो सापडला, आणि तो दगड आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो आरोप. ही माणसे कैसराच्या हुकमाविरुद्ध वागतात, येशू नावाचा दुसराच कोणी राजा आहे असे म्हणतात, हा तो आरोप. यासोनाला जामिनावर सोडले, आणि पौल-सीलाला बंधुजनांनी रातोरात बिरुयाकडे पोचवले.

म्हणजे या मंडळीला शिकायला फार तर काही महिने मिळाले. गुरू रात्रीच्या अंधारात निघून गेलेला, शेजारीपाजारी उलटलेले, यजमानाच्या डोक्यावर जामीन, आणि त्यात घरात मरण आले. पौलाला अथेनैत चैन पडेना, म्हणून त्याने तीमथ्याला त्यांच्याकडे परत पाठवले. तीमथ्य बातमी घेऊन आला की ते टिकून आहेत. तेव्हा पौलाने लिहिले त्याचा आशय असा, की तुम्ही प्रभूमध्ये स्थिर उभे आहात हे कळले आणि माझ्या जिवात जीव आला. ‘स्थिर उभे राहणे’ हा शब्दप्रयोग आपल्या उपदेशांत इतका झिजला आहे की त्यात उभे राहणाऱ्याचे पाय दिसत नाहीत. इथे दिसतात. ही माणसे कुठेही पळाली नव्हती. त्याच गल्लीत राहत होती, आणि ज्या शेजाऱ्यांनी दंगल केली त्यांच्याच दुकानातून तेलमीठ आणत होती.

मेलेल्यांविषयी पौलाने दिलेले उत्तर थोडक्यात असे. जे निजले ते मागे राहिलेले नाहीत, उलट आधी तेच उठतील, आणि मग ‘आपण जे जिवंत उरू’ ते त्यांच्यासह प्रभूला सामोरे जाऊ. या ‘आपण’मध्ये पौलाने स्वतःला धरले आहे. आपल्या हयातीतच हे होईल असे त्याला वाटत होते हे उघड आहे. तसे झाले नाही. परंपरा सांगते की नीरोच्या काळात रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्या पिढ्यांनी त्याची पत्रे उतरवून घेतली, तेव्हा हे ‘आपण’ बदलून ‘ते’ करणे किती सोपे होते! कोणी केले नाही. आपल्या सर्वांत मोठ्या प्रेषिताचा अंदाज चुकला हे सांगणारा शब्द मंडळीने पवित्र शास्त्रात जसाच्या तसा ठेवला आणि उपासनेत वाचला. श्रद्धेच्या खरेपणाचा पुरावा म्हणून लोक चमत्कार दाखवतात. मला हे न खोडलेले ‘आपण’ त्याहून मोठे वाटते. या मंडळीचा भरवसा वेळापत्रकावर असता तर पौलाच्या मरणाबरोबरच ती विरघळून गेली असती.

आता ‘सामोरे जाणे’. इथे थोडे थांबायला हवे, कारण या एका शब्दाभोवती पुष्कळ गोंधळ झाला आहे. पौलाने येण्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द ‘पारूसिया’. राजा किंवा सम्राट एखाद्या शहराला भेट देई त्या आगमनाला हा शब्द वापरत. आणि भेटायला जाण्यासाठीचा शब्द ‘अपांतेसिस’. सम्राट येतोय असे कळले की शहरातली मंडळी वेशीबाहेर दूरवर जात आणि त्याला वाजतगाजत आत घेऊन येत. नव्या करारात हा शब्द इतरत्रही आला आहे. दहा कुमारींच्या दाखल्यात त्या मशाली घेऊन वराला सामोऱ्या जातात, त्या त्याला घरी आणण्यासाठी. पौल कैदी म्हणून रोमजवळ पोचतो तेव्हा तिथले बंधुजन अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला सामोरे येतात आणि त्याच्याबरोबर रोमला परततात. थेस्सलनीकाच्या पत्रातही हाच अर्थ घ्यावा यावर सगळ्या पंडितांचे एकमत नाही. मला मात्र तो पुरेपूर पटतो.

मराठी माणसाला तर तो समजावून सांगायची गरजच पडू नये. पालखी येणार म्हटले की गाव वेशीपर्यंत जाते. रांगोळ्या घातलेल्या असतात, पाण्याचे हंडे भरून ठेवलेले असतात. पालखीला सामोरे गेलेला माणूस गाव सोडून निघालेला नसतो. तो तिला आपल्या गावात आणायला गेलेला असतो. आणखी एक गोष्ट. त्या काळच्या ग्रीक आणि रोमन शहरांत थडगी वेशीबाहेर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना असत. राजा येताना त्याला आधी भेटत ते शहराचे मेलेले. मेलेले आधी उठतील हे वाक्य थेस्सलनीकाच्या एखाद्या विधवेने ऐकले असेल तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे वेशीबाहेरचा तोच रस्ता आणि त्याच्या कडेची तीच थडगी आली असतील.

हे सगळे सांगण्याचे कारण असे. आपल्याकडच्या पुष्कळ सभांतून ‘मंडळीचे उचलले जाणे’ अशा थाटात सांगितले जाते की विश्वासणारे ढगांवरून सुखरूप निघून जातील आणि हे जग मागे जळत राहील. ही शिकवण या रूपात जॉन नेल्सन डार्बी याने एकोणिसाव्या शतकात मांडली आणि 1909 साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांसहितच्या बायबलाने ती घरोघर नेली. प्राचीन मंडळीला तिचा पत्ता नव्हता. ती मनात धरली की माणसाचा इथला रस यथावकाश आटतो. सोडूनच जायचे असलेल्या भाड्याच्या खोलीचे छत कोण शाकारतो? पाहुणा आपल्याच घरी उतरणार म्हटले की मात्र माणूस अंगण झाडतो. पाहुण्याची वाट दोन्ही घरांत पाहिली जाते, पण दोन्ही घरे आतून सारखी दिसत नाहीत.

थेस्सलनीकाकरांतही काहींचा रस आटला होताच. दुसऱ्या पत्रात (ते पौलाचेच आहे की त्याच्या शिष्यवर्गातल्या कोणाचे, यावर वाद आहे) दिसते की प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच असे कोणी उठवले होते, पौलाच्या नावावर पत्र खपवण्यापर्यंत मजल गेली होती, आणि काही लोक कामधंदा सोडून इकडेतिकडे लुडबुड करत होते. या लोकांसाठी योजलेला ‘अताक्तोस’ हा शब्द सैन्यात रांग मोडणाऱ्या शिपायासाठी वापरत. त्यांना दिलेले उत्तर रोखठोक आहे. काम करायची ज्याची तयारी नाही त्याला जेवूही घालू नका. आणि पौलाला ते बोलायचा अधिकार होता, कारण मंडळीवर भार नको म्हणून तो रात्रंदिवस हातांनी काम करत असे. तंबू शिवण्याचा त्याचा धंदा. पत्र स्थिर उभे राहायला सांगते ते याच संदर्भात. विश्वासाने उभे राहणे आणि कामाला उभे राहणे यांत त्याने भेद केलेला नाही.

असे असूनही पुढच्या दोन हजार वर्षांत वाट पाहणाऱ्यांचे दोन प्रकारे पाय सुटले. एकांनी तारीख ठरवली, आणि दुसऱ्यांनी राजा आलाच असे जाहीर केले. तारखांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, दुसरी फारशी कोणी सांगत नाही. दोन्हींचा उगम मला एकच दिसतो: रिकामे सिंहासन पाहवत नाही.

तारखांकडे आधी वळतो. दुसऱ्या शतकात फ्रिगियात माँटानस आणि त्याच्या दोन संदेष्ट्या स्त्रियांनी स्वर्गीय यरुशलेम पेपुझा नावाच्या खेड्यापाशी उतरणार असे सांगितले. तर्तुलियनसारखा बुद्धिमान माणूसही पुढे त्या पंथात ओढला गेला. 1534 साली जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये यान मॅथीस याने ईस्टरची तारीख दिली आणि त्याच दिवशी तो वेढ्याबाहेर पडून मारला गेला. त्याच्या जागी आलेल्या यान ऑफ लायडनने स्वतःला राजाच करून घेतले. शहर पडल्यावर त्याची आणि त्याच्या दोघा साथीदारांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली ते पिंजरे सेंट लॅम्बर्टच्या मनोऱ्यावर आजही आहेत.

पण यातला सर्वांत समजून घेण्यासारखा माणूस विल्यम मिलर. न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्पटनचा हा शेतकरी भोंदू नव्हता. 1812 च्या युद्धात लढला, तरुणपणी श्रद्धा टाकून दिली, 1816 साली पुन्हा वळला आणि मग बायबल घेऊन एकेका वचनाशी झटत बसला. दानीएलाच्या आठव्या अध्यायातले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षे, त्यांची सुरुवात ख्रिस्तपूर्व 457, म्हणून शेवट 1843 च्या सुमारास, असे त्याचे गणित होते. ते जगासमोर मांडायला त्याला 1831 साल उजाडले, इतका तो सावध होता. वर्ष उलटून गेले तेव्हा सॅम्युअल स्नो नावाच्या अनुयायाने नेमकी तारीख काढली, 22 ऑक्टोबर 1844. मिलरने तिला संमती दिली ती अगदी शेवटी शेवटी. त्या शरदात काही शेतकऱ्यांनी पीक शेतातच सोडले. पांढरे झगे घालून लोक टेकड्यांवर चढले ही मात्र बहुतांशी विरोधकांनी उठवलेली वावडी होती. रात्र सरली, दुसरा दिवस उजाडला. या दिवसाला इतिहासात ‘महानिराशा’ असेच नाव पडले. मिलर 1849 साली वारला, तोवर तो वाट पाहतच होता, पण तारखेशिवाय.

मिलरला हसणे सोपे आहे. त्याची चूक अतिश्रद्धेची होती असे म्हणतात, ते मला मान्य नाही. ती श्रद्धेच्या तुटवड्याची चूक आहे. येशूने स्वतः सांगितल्याचे मार्काने नोंदवले आहे की तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही. पुत्राला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे असा हट्ट कोण धरतो? ज्याला यजमानाच्या शब्दावर विसंबता येत नाही तो. तारीख म्हणजे देवाकडून लिहून घेतलेली पावती. 2011 साली हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकी रेडिओ-उपदेशकाने 21 मे ही तारीख जाहीर केली, ती चुकल्यावर ऑक्टोबरची दिली, आणि तीही चुकल्यावर पुढच्या वर्षी असे दिवस सांगण्याचे पाप झाले म्हणून कबुली दिली. तेवढा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. 2020 च्या टाळेबंदीत लशीचा आणि पशूच्या 666 या खुणेचा संबंध जोडणारे जे संदेश माझ्या फोनवर आले, ते पाठवणाऱ्यांपैकी कोणी नंतर चूक झाली असे कळवल्याचे मला आठवत नाही. लस मात्र बहुतेकांनी घेतली.

महानिराशेनंतर जे विखुरले नाहीत त्यांच्यातल्या एका गटातून 1863 साली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी रीतसर उभी राहिली. 1844 चा अर्थ त्यांनी नव्याने लावला, तो सगळ्यांना पटेल असा नाही. मलाही पटत नाही. पण त्यांनी पुन्हा तारीख दिली नाही, आणि शाळा-दवाखाने काढायला घेतले. त्यांचे 1915 साली कोइमतूरला सुरू झालेले एक विद्यालय 1942 साली पुण्यात आले. औंधकडे जाणाऱ्यांना स्पायसर हे नाव ओळखीचे असेल. येशू कोणत्याही क्षणी येईल असे मानणारे लोक पुढच्या पिढ्यांसाठी वसतिगृहे बांधतात, यात विसंगती काढणाऱ्याने थेस्सलनीकाची दोन्ही पत्रे पुन्हा वाचावीत.

आता दुसरी चूक, जी मला जास्त घातक वाटते. 325 साली नायसियाची धर्मपरिषद आटोपल्यावर सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांना मेजवानी दिली. यातल्या काहींच्या अंगावर आधीच्या छळाच्या खुणा होत्या. नागव्या तलवारी घेतलेल्या पहारेकऱ्यांमधून निर्भयपणे चालत ते आतल्या दालनात सम्राटाच्या पंगतीला बसले. ते वर्णन करताना युसेबियस हा इतिहासकार बिशप लिहून जातो की हे स्वप्न म्हणावे की ख्रिस्ताच्या राज्याचेच चित्र, असा प्रश्न पडावा. त्याचा हर्ष मी समजू शकतो. काल ज्यांना सिंहांपुढे टाकत त्यांना आज राजा वाढतो आहे. पण यासोनाला ज्या आरोपावरून फरफटत नेले होते तो आरोप त्या पंगतीत गळून पडला. कैसराखेरीज दुसरा राजा आहे असे म्हणण्याची गरजच उरली नाही. ज्याची वाट पाहायची त्याची जागा भरली गेली. वाट पाहणे संपले की मंडळी दरबारी होते, हे त्यानंतर कितीतरी देशांत दिसले आहे.

1933 साली जर्मनीत ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या चळवळीने हिटलरच्या उदयात देवाची घटका पाहिली. त्याला उत्तर म्हणून 1934 च्या मे महिन्यात बार्मेन येथे काही मंडळ्यांनी जाहीरनामा काढला: ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणत्याही सत्तेला वा व्यक्तीला देवाचे प्रकटीकरण मानणार नाही. डिट्रिख बोनहोफर याच मंडळींतला. 1939 च्या जूनमध्ये तो न्यूयॉर्कला सुखरूप पोचला होता, आणि जुलैत परत फिरला. संकट आपल्या लोकांबरोबर सोसले नाही तर युद्धानंतर त्यांच्यात उभे राहायचा अधिकार राहणार नाही, असे त्याला वाटले. 1943 च्या एप्रिलमध्ये पकडला गेला. तेगेलच्या तुरुंगातून लिहिलेल्या एका पत्रात त्याने नाताळाआधीच्या आगमनकाळाची तुलना तुरुंगाच्या कोठडीशी केली आहे: आत माणूस काहीबाही करत राहतो, पण दार बाहेरूनच उघडते. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फ्लोसेनबर्गला फाशी दिली.

‘स्थिर राहा’ याचा अर्थ मला इथे लागतो. आलेल्या प्रत्येकाला ‘हा तो नव्हे’ असे सांगता येणे म्हणजे स्थिर राहणे. येशूनेच बजावले होते की मीच तो असे म्हणणारे पुष्कळ येतील. ज्याचा राजा अजून यायचा आहे तो आजच्या राजाला कर देईल, त्याचा मान राखील, पण त्याच्या पायावर डोके ठेवणार नाही. श्रद्धेने माणूस निमूट होतो, स्वर्गाच्या आशेने इथला अन्याय गिळतो, हा आक्षेप जुना आहे आणि कित्येकांच्या बाबतीत खराही आहे. पण न्याय करणारा यायचा आहे ही आशा कैसराला कधीच गुंगीच्या औषधासारखी वाटली नाही. म्हणून तर त्याने छळ केला.

आपल्याकडे याला जवळचे चित्र नंदिग्रामातल्या भरताचे आहे. सिंहासनावर पादुका, आणि भरत खाली बसून राज्याचा कारभार पाहतो आहे. सिंहासन रिकामे ठेवणे आणि कारभार न थांबवणे, दोन्ही एकाच माणसाने साधायचे! भरताला निदान चौदा वर्षांची मुदत ठाऊक होती. थेस्सलनीकाकरांना तीही नव्हती.

उरतो तो सर्वांत अवघड आक्षेप. येशूलाच शेवट जवळ आल्याचे वाटत होते आणि तो आला नाही, असे अल्बर्ट श्वाइट्झर याने 1906 च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात निष्ठुरपणे मांडले. त्याच्या युक्तिवादाला पुरते उत्तर देता येते असा माझा दावा नाही. चर्चमध्ये शिकवतात ती उत्तरे, देवाला हजार वर्षे एका दिवसासारखी वगैरे, प्रश्नाची धार बोथट करतात, प्रश्न सोडवत नाहीत. पण हा ग्रंथ लिहिणारा माणूस वैद्यक शिकला आणि 1913 साली आफ्रिकेत लांबारेने येथे दवाखाना काढायला गेला, हेही लक्षात राहते. त्याच्या लेखी तारीख खोटी ठरली होती. हाक खोटी ठरलेली नव्हती.

19 मे 1780 रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात भर दिवसा काळोख झाला. जंगलातल्या वणव्यांचा धूर त्याला कारण होता हे नंतर कळले. कोंबडी खुराड्यात गेली, लोक प्रार्थनामंदिरांकडे धावले. हार्टफर्डला कनेक्टिकटचे विधिमंडळ भरले होते. सभागृह उठले, तेव्हा वरिष्ठ मंडळानेही उठावे अशी सूचना आली. अब्राहम डेव्हनपोर्ट नावाच्या सभासदाने विरोध केला. न्यायाचा दिवस आला असेल किंवा नसेल. नसेल तर उठायचे कारण नाही, आणि असेल तर मी माझे काम करताना सापडलो तर बरे, असा त्याचा मुद्दा होता. म्हणून त्याने मेणबत्त्या मागवल्या. (उद्या जग संपणार असले तरी आज सफरचंदाचे झाड लावीन, असे ल्यूथर म्हणाल्याचे सांगतात. ल्यूथरच्या लेखनात ते कुठेही नाही, आणि त्याची पहिली लेखी नोंद 1944 ची मिळते. डेव्हनपोर्टच्या मेणबत्त्या त्यापेक्षा बऱ्या.)

आमच्या मराठी मंडळ्यांत हे दुसरे येणे मतांगीकारात दर आठवड्याला उच्चारले जाते. नाताळाआधीच्या चार रविवारांना कॅथलिक आगमनकाळ पाळतात, एकेक मेणबत्ती लावतात. पण तोवर केक, तारे आणि कॅरल यांची घाई इतकी झालेली असते की कोणाच्या आगमनाचा हा काळ, गोठ्यातल्या बाळाच्या की येणार असलेल्या राजाच्या, हे विचारायला कोणाला सवड नसते. एकीकडे तारखा सांगणारे उत्साही आणि दुसरीकडे विषयच टाळणारे सुसंस्कृत, अशी आपली विभागणी झाली आहे. मी स्वतः दुसऱ्यांत वाढलो, आणि आम्ही जास्त शहाणे होतो असे आता मला वाटत नाही.

केडगावकडे पाहावे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, अनाथ मुली आणल्या आणि मुक्ती सदन वाढत गेले. विहिरी खणल्या, फळबागा लावल्या, माग टाकले, छापखाना काढला. 1905 साली तिथे प्रार्थनेची जी लाट आली तिची बातमी दूरदूरच्या देशांत गेली, आणि हा शेवटच्या काळातला पाऊस आहे, अंत जवळ आला, असे परदेशातल्या अनेकांनी मानले. त्याच वर्षांत रमाबाई एका वेगळ्या कामाला लागल्या होत्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. अंत जवळ आला असे मानणारा माणूस एकेका क्रियापदासाठी वर्षानुवर्षे कोशात बोटे घालत बसत नाही, किंवा कदाचित तोच बसतो. खिळे जुळवायला, मुद्रिते तपासायला सदनातल्याच स्त्रिया होत्या. काही वर्षांपूर्वी यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. 1921 साली मुलगी मनोरमा वारली. काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल केडगावच्याच छापखान्यातून 1924 साली बाहेर पडले.